दादासाहेबांचा हिशेब आणि ओझरची विमानं

गंगापूर रस्त्यावरचं आनंदवल्ली आता नाशिक शहरात पार मिसळून गेलं आहे. पुतण्या माधवराव पेशव्यांशी बिनसल्यावर 1764 च्या सुमारास रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा या गोदाकाठच्या गावात येऊन राहिले आणि गावाचं चावंडस हे जुनं नाव मागे पडलं. राघोबादादा म्हटलं की मराठी माणसाला दोन गोष्टी हमखास आठवतात, अटकेची स्वारी आणि नारायणरावाचा खून. तिसरी गोष्ट फारशी कुणी काढत नाही. ती आहे एका लष्करी मोहिमेच्या खर्चाची.

एप्रिल 1758 मध्ये दादांच्या फौजा लाहोरात शिरल्या आणि पुढे अटकेपर्यंत पोहोचल्या. पराक्रम मोठाच होता. पण दादा पुण्याला परतले ते कर्ज घेऊन, आणि इतिहासकार हे कर्ज ऐंशी लाखांच्या घरात सांगतात. मुलूख मिळाला, पैसा आला नाही. त्या वेळी दौलतीचा हिशेब पाहत होते दादांचे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ. रामचंद्रबाबा शेणव्यांच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस जमाखर्चात कुणाची भीड ठेवणारा नव्हता. त्यांनी दादांना जाब विचारला. दादा दुखावले आणि पुढची स्वारी भाऊंनीच करून दाखवावी, असं म्हणाले.

भाऊ 1760 मध्ये उत्तरेत गेले. पुढचं सांगायला नको.

पानिपतावर आजवर एवढी शाई खर्ची पडली, पण त्यामागच्या या हिशेबाच्या भांडणाकडे इतिहासलेखक बहुतेक घरगुती हेवेदावे म्हणूनच पाहतात. ते त्याहून गंभीर आहे. भाऊंचा प्रश्न रास्त होता. विजयाच्या धुंदीत कर्जाचा आकडा काढायला धाडस लागतं. अडचण आकड्यांत नव्हती, विचारणाऱ्याच्या जागेत होती. ज्याला जाब विचारायचा त्याच्याच बरोबरीचा वाटेकरी तपासनीस झाला की त्याचा प्रत्येक आक्षेप हा डाव वाटतो. ऐंशी लाख कुठे गेले, हा प्रश्न बाजूला पडला आणि फौजेचं नेतृत्व कुणी करायचं, यावर वाद येऊन थांबला. खर्चाची पद्धत बदलली नाही, सेनापती तेवढा बदलला.

याच्या शंभर वर्षं आधी शिवाजी महाराजांच्या राज्यात या दुखण्यावर उपाय शोधला गेला होता. कृष्णाजी अनंत सभासदाने 1694 च्या सुमारास जिंजीला लिहिलेल्या बखरीत तो सापडतो. गड एकाच्या हाती द्यायचा नाही. हवालदार, सरनौबत आणि सबनीस एकमेकांच्या बरोबरीचे, शिवाय सामानसुमानाचा हिशेब ठेवायला कारखानीस. लष्कर दसऱ्याला मुलूखगिरीवर निघताना प्रत्येकाजवळच्या मालमत्तेची यादी व्हायची. पावसाळ्याआधी परतल्यावर झाडा घेतला जायचा. यादीपेक्षा जास्त निघालेलं सरकारजमा व्हायचं किंवा पगारातून वळतं व्हायचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर दारूगोळ्याची निगा कशी राखावी, तो वेळोवेळी बाहेर काढून उन्हं कशी द्यावीत, इथवर तपशील आहे. तोफखान्यातली दारू सादळली आहे की नाही हे कुणीतरी प्रत्यक्ष पाहिलंच पाहिजे, हा त्यामागचा आग्रह आहे.

तोच आग्रह जुलै 2017 मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या अहवालात दिसला. दारूगोळ्याच्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकार घनघोर युद्धात दहा दिवसही पुरणार नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तोफगोळ्यांना लागणाऱ्या फ्यूजच्या तुटवड्यावरही बोट ठेवलं होतं. देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षणकेंद्रामुळे या जिल्ह्याला तोफांचे आवाज परके नाहीत. गोळा आहे पण फ्यूज नाही याचा अर्थ इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

हे शत्रूला कळलं, अशी ओरड तेव्हा झाली. त्या ओरडीत तथ्य थोडं आणि सोय जास्त होती. नंतर संरक्षणाचे लेखापरीक्षण अहवाल संकेतस्थळावर टाकायचे नाहीत, असं कॅगने ठरवलं. संसदेत ते मांडले जातात, पण सामान्य वाचकाच्या हाती सहज लागत नाहीत.

घटनेच्या 148 व्या कलमाने कॅगला मोठं संरक्षण दिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच त्यांना हटवणं अवघड, आणि निवृत्तीनंतर सरकारी पद नाही. अहवाल ज्या लोकलेखा समितीकडे जातो तिचं अध्यक्षपद 1967 पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. तरीही भाऊ-दादांचं दुखणं पुरतं गेलेलं नाही. 36 राफेल विमानांच्या खरेदीवरचा अहवाल 13 फेब्रुवारी 2019 ला संसदेत आला. सौदा आधीच्या देकारापेक्षा 2.86 टक्क्यांनी स्वस्त पडला, असा निष्कर्ष त्यात होता, पण प्रत्यक्ष किमती झाकलेल्या होत्या. त्या वेळचे कॅग राजीव महर्षी 2015 मध्ये, खरेदीची घोषणा झाली तेव्हा, अर्थसचिव होते. त्यांनी या तपासणीपासून दूर राहावं, अशी काँग्रेसची मागणी होती. अर्थसचिवाचा त्या व्यवहाराशी संबंध नव्हता, हे सरकारचं उत्तर. महर्षींच्या सचोटीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण ज्या सरकारात सौदा झाला त्याच सरकारातला वरिष्ठ सचिव त्या सौद्याचा तपासनीस व्हावा, ही रचनाच चुकीची आहे, आणि घटनेने दिलेलं संरक्षण तिथे अपुरं पडतं.

नाशिकला हा विषय दूरचा नाही. 1963 मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण इथूनच लोकसभेवर बिनविरोध गेले. ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात आधी मिग-21 आणि मग सुखोई-30 तयार झाली. 17 ऑक्टोबर 2025 ला तिथे तेजस मार्क-1ए च्या उत्पादनाची नवी साखळी सुरू झाली. याच तेजसच्या पहिल्या आवृत्तीत कॅगने 2015 मध्ये 53 उणिवा मोजल्या होत्या.

83 तेजस विमानांचा सुमारे 48,000 कोटींचा करार फेब्रुवारी 2021 चा. पहिलं विमान 2024 च्या मार्चपर्यंत हवाई दलाला मिळायचं होतं. ते वेळेत आलं नाही, अमेरिकन इंजिनंही उशिरा आली. त्यावर सप्टेंबर 2025 मध्ये आणखी 97 विमानांचा 62,370 कोटींचा करार झाला. पहिल्या कराराच्या विलंबाचा दंड कुणाला किती लागला आणि त्यातलं काय दुसऱ्या करारात सुधारलं, हे दोन प्रश्न पुढच्या लेखापरीक्षणात यायला हवेत. आणि तो अहवाल ओझरच्या कामगाराला आपल्या मोबाईलवर वाचता यायला हवा.