दात घासा, खरवडू नका

सकाळची घाई, बेसिनसमोर उभं राहून अर्ध्या मिनिटात खसाखसा फिरवलेला ब्रश आणि तोंडात फेस झाला की चूळ! अनेक घरांतलं हे रोजचं दृश्य. जितका जोर लावू तितके दात स्वच्छ, असा आपला समज असतो. मग महिन्याभरातच ब्रशचे केस पिंजारतात आणि काही वर्षांनी थंड पाण्याचा घोट घेतला की दातातून कळ येते.

मुळात ब्रशने काढायचं काय असतं? दातांवर जिवाणूंचा एक चिकट थर सतत साचत असतो. त्याला प्लाक म्हणतात. हा थर मऊ असतो, हलक्या हाताने निघतो. तो तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांमुळे कडक होतो आणि त्याचा टार्टर बनतो. टार्टर ब्रशने निघतच नाही, तो दंतवैद्यांकडूनच काढून घ्यावा लागतो. म्हणजे मऊ थराला जोर लागत नाही आणि कडक थरापुढे जोर चालत नाही.

जोराने नुकसान मात्र होतं. हिरडी मागे सरते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमलचं कवच नसल्याने तो भाग लवकर झिजतो आणि हिरडीलगत खाच पडते. झिजलेलं इनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही, मागे गेलेली हिरडीही आपोआप जागेवर येत नाही.

राखुंडी किंवा कोळशाच्या पुडीनेही दात घासले जाऊन झिजतात. मिश्री तर भाजलेली तंबाखूच. तिने दात स्वच्छ होण्याऐवजी व्यसन जडतं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मग दात घासायचे कसे? मऊ केसांचा ब्रश घ्या आणि तो पेनसारखा बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे ब्रश 45 अंशांत तिरका टेकवून जागच्या जागी हलकेच हलवा. चार्ल्स बास या अमेरिकन डॉक्टरांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. बाहेरची, आतली आणि चावण्याची, अशा तिन्ही बाजू घ्या. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटं पुरेत. त्यातली रात्रीची वेळ चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी सुटते. मोठ्यांना वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. पेस्ट थुंकल्यावर भरपूर चुळा भरू नका, फ्लोराइड धुऊन जातं. लिंबू सरबत किंवा शीतपेय प्यायल्यावर लगेच ब्रश न करता किमान अर्धा तास थांबा. आम्लामुळे इनॅमल तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं. दर तीन महिन्यांनी ब्रश बदला, केस त्याआधी वाकले तर लगेच.

हिरडीतून रक्त आलं की अनेक जण त्या जागी ब्रश लावणंच सोडतात. तिथे प्लाक आणखी साचतो आणि सूज वाढते. त्या जागी ब्रश हलक्या हाताने, पण नियमित फिरवा. दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर दंतवैद्यांना दाखवा.

आज रात्री ब्रश करण्याआधी त्याचे केस एकदा नीट बघा. ते बाहेर पसरले असतील, तर नव्या ब्रशबरोबर हातालाही नवी सवय लावायला हवी.