लंडनचे वार्तापत्र : भत्ता कोणाच्या हाती?

मुलांसाठी मंजूर झालेला पैसा घरात कोणाच्या हाती पडावा, या प्रश्नावर येथील पार्लमेंटात १९४५ साली मोठा वाद झाला. कुटुंबभत्ता बापाच्या नावे द्यावा अशी सरकारची मूळ तजवीज होती. परंतु एलिनॉर रॅथबोन या विदुषीने, जिने आपल्याकडील बालविवाहाविरुद्धही १९३४ साली पुस्तक लिहिले होते, निकराने झगडून तो आईच्या नावे करवून घेतला.

आज गरिबांचे अनेक भत्ते ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या २०१३ पासूनच्या योजनेत एकवटले आहेत. अर्ज इंटरनेटवर, नवरा-बायकोची ऑनलाइन खाती निराळी. रक्कम मात्र सामान्यतः एकाच बँक खात्यात जमा होते. मुलांना सांभाळणाऱ्या व्यक्तीचे खाते द्यावे, असे सुचविण्याचे सरकारने २०१९ साली ठरविले; पण सूचना म्हणजे हक्क नव्हे, आणि धाकात राहणाऱ्या स्त्रीला तर मुळीच नव्हे.

येथे समाजकार्याची खरी कसोटी लागते. छळातून सुटलेल्या स्त्रियांना १९७१ पासून आसरा देणाऱ्या ‘रेफ्यूज’ या संस्थेने २०१७ साली तंत्रज्ञानाद्वारे होणाऱ्या छळासाठी स्वतंत्र पथक नेमले. आसऱ्याला आलेल्या स्त्रीचा ठावठिकाणा मोबाइलवरून कोणाला दिसतो, पासवर्ड कोणाला ठाऊक आहे, याची तेथे खातरजमा करतात. निवारा देण्याइतकेच मी या कामाचे मोल मानतो.

आपल्याकडे गोष्ट नेमकी उलट आहे. महाराष्ट्र सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये स्त्रीच्याच खात्यात येतात, हे योग्यच, परंतु २०२५ साली पडताळणीचा हुकूम निघाला तेव्हा तिच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. शिरोड्यातील एखाद्या बाईच्या आधारला गोव्यात कामाला जाणाऱ्या मुलाचाच नंबर जोडलेला असला, तर ती सेवाकेंद्राच्या बाकावर बसलेली, ओटीपी त्याच्या खिशात, आणि त्याने फोन उचलेपर्यंत मुदत संपलेली! २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात ३३.३ टक्के, तर पुरुष ५७.१ टक्के आढळले, त्या आकड्यांमागे अशाच बायका आहेत.

तेव्हा आपल्या अंगणवाडीसेविकांना व बचतगटांच्या ताईंना माझी कळकळीची विनंती आहे, की अर्ज भरून देण्याआधी प्रत्येकीच्या नावे सिमकार्ड आहे की नाही ते पाहावे. आधारला मोबाइल नंबर जोडण्याचे काम २०२१ पासून पोस्टमनही करू लागले आहेत. त्यांना वाडीवर बोलावले, तर म्हाताऱ्या बायकांचा हेलपाटाही वाचेल.