जनावराची जबानी

12 मार्च 1965. बॉस्टनला लागून असलेल्या चेल्सीतल्या एका गल्लीत एडवर्ड डीगन या छोट्या-मोठ्या गुन्हेगाराचा मृतदेह सापडला. घरफोडीच्या निमित्ताने साथीदारांनीच त्याला तिथे नेऊन गोळ्या घातल्या होत्या. तेव्हाच्या टोळीयुद्धात एकामागून एक मुडदे पडत असल्याने हा खून विस्मरणातच गेला असता. पण त्याची किंमत चार निरपराध माणसांनी मोजली, आणि त्यांना ती मोजायला लावली ती सरकारच्या लाडक्या साक्षीदाराने.

त्याचं नाव जोसेफ बार्बोझा. जन्म 1932, न्यू बेडफर्डच्या पोर्तुगीज वस्तीत. काही काळ मुष्टियुद्ध, मग सावकारीची वसुली, मग सुपारी. न्यू इंग्लंडच्या माफियाचा म्होरक्या रेमंड पॅट्रियार्का याच्यासाठी तो खून पाडत असे. वीसहून अधिक खून त्याच्या नावावर सांगितले जात. अंडरवर्ल्डमध्ये त्याला ‘द ॲनिमल’ म्हणत.

1966 च्या ऑक्टोबरात तो बेकायदा शस्त्रांसह पकडला गेला. जामीन होता एक लाख डॉलरचा. माफियाने दमडी दिली नाही. उलट जामिनासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या त्याच्या दोन साथीदारांना मारून पैसे लांबवले. आपण एकटे पडलो, हे बार्बोझाला कळून चुकलं. एफबीआयचे पॉल रिको आणि डेनिस कॉन्डन हीच वेळ साधून त्याला भेटले. एफबीआयचा प्रमुख एडगर हूव्हर याला माफियाचे मोठे मासे हवे होते. बार्बोझा फुटला. अमेरिकन मार्शलांनी त्याला बायको-मुलीसह थॅचर बेटावर कडेकोट पहाऱ्यात ठेवलं.

1968 मध्ये त्याच्या साक्षीवर पॅट्रियार्काला शिक्षा झाली. त्याच वर्षी डीगन खटल्यात सहा जण दोषी ठरले. त्यांपैकी पीटर लिमोन, हेन्री टॅमेलिओ, लुई ग्रेको आणि जोसेफ साल्वाती या चौघांचा त्या खुनाशी काडीचाही संबंध नव्हता.

खऱ्या मारेकऱ्यांपैकी एक, व्हिन्सेंट फ्लेमी, हा बार्बोझाचा जिवलग आणि एफबीआयचा खबऱ्या. त्याला आपण गोवणार नाही, हे बार्बोझाने आधीच सांगून टाकलं होतं. अडचण एकच होती. त्या रात्री जवळच उभ्या असलेल्या मोटारीत एका पोलीस कॅप्टनने मागच्या सीटवर टक्कल पडलेला माणूस पाहिला होता. टक्कल होतं फ्लेमीला. बार्बोझाने कोर्टात सांगितलं, तो साल्वाती होता आणि त्याने टकलाचा विग घातला होता! ज्युरीने हे मान्य केलं. साल्वातीच्या सांगण्याप्रमाणे बार्बोझाशी त्याचं वैर एवढंच की, बार्बोझाचे 400 डॉलर साल्वातीने परत केले नव्हते.

एफबीआयला सत्य माहीत नव्हतं असं नाही. पॅट्रियार्काच्या कचेरीत त्यांनी चोरून ध्वनियंत्र बसवलं होतं. डीगनला मारण्याची परवानगी मागितल्याची खबर खुनाआधीच त्यांच्याकडे होती, आणि नंतर काही दिवसांतच खऱ्या मारेकऱ्यांची नावं टिपणात नोंदली गेली. ती टिपणं बचावपक्षाला मिळालीच नाहीत. तिघांना मृत्युदंड, साल्वातीला जन्मठेप. पुढे मृत्युदंड रद्द होऊन जन्मठेप झाली. पण टॅमेलिओ 1985 मध्ये आणि ग्रेको 1995 मध्ये तुरुंगातच वारले. साल्वातीची बायको मेरी चार मुलांना सांभाळत वर्षानुवर्षं तुरुंगाच्या वाऱ्या करत राहिली. तो 1997 मध्ये बाहेर आला, लिमोन 2001 मध्ये.

बार्बोझाला मात्र नवं नाव आणि कॅलिफोर्नियात नवं घर मिळालं. 1970 मध्ये त्याने तिथेही एक खून केला. त्या खटल्यात रिको आणि कॉन्डन त्याच्या बाजूने साक्ष द्यायला गेले! सौम्य शिक्षा भोगून तो 1975 मध्ये सुटला, आणि 11 फेब्रुवारी 1976 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माफियाने त्याला भर रस्त्यात संपवलं.

मे 2001 मध्ये संसदीय समितीने रिकोला विचारलं, झाल्या प्रकाराबद्दल काही खंत वाटते का? त्याने उलट विचारलं, ‘तुम्हाला काय हवंय, अश्रू?’ 2007 मध्ये न्यायाधीश नॅन्सी गर्टनर यांनी सरकारला दोषी धरून 10 कोटी 17 लाख डॉलरची भरपाई ठरवली.

माफीच्या साक्षीदाराशिवाय टोळ्यांचे खटले उभे राहत नाहीत, हे खरंच. म्हणूनच त्याच्या शब्दाला स्वतंत्र दुजोरा हवा. आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 138 मध्ये तो दुजोरा आता थेट लिहिलेला आहे. पण तपास यंत्रणाच कागद दडपून बसली, तर कुठलंही कलम निरपराधाला वाचवू शकत नाही. म्हणून पुरावा दडवणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा व्हायला हवी. या चौघांना अडकवल्याबद्दल एफबीआयच्या एकाही अधिकाऱ्याला एका दिवसाचीही शिक्षा झाली नाही.