खांदेरीचा दिवा

मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजाला खांदेरीकडे काणाडोळा करून चालत नाही. या बेटाचं सगळं प्राक्तन त्यातच आलं.

१६७९मध्ये शिवाजी महाराजांनी इथे तटबंदी घालायला घेतली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला. काम पाहत होते मायनाक भंडारी. इंग्रजांनी ‘रिव्हेंज’सारखी लढाऊ जहाजं आणून नाकेबंदी केली. पण मोठ्या जहाजाला वारा हवा आणि पायाखाली खोल पाणी हवं. मराठ्यांच्या उथळ होड्या वल्ह्यांवर चालायच्या. वारा पडला की रात्री खडकांच्या कडेकडेने निसटून दाणागोटा बेटावर पोचवायच्या. ऑक्टोबरच्या लढाईत तर इंग्रजांचं ‘डोव्हर’ हे जहाजच मराठ्यांनी धरलं. पुढे १७१८मध्ये, मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांच्या काळात, मुंबईचा गव्हर्नर बून पुन्हा चालून आला आणि हात हलवत परतला. शेवटी १८१८मध्ये, पेशवाई बुडाल्यावर, बेट इंग्रजांना आयतं मिळालं.

ज्या बेटाचा इंग्रजांनी इतका धसका घेतला होता, त्याच्या टेकडीवर १८६७मध्ये त्यांनीच दिवा लावला. आपल्याच जहाजांसाठी.

एकमजली घराच्या माथ्यावरून उठलेला हा अष्टकोनी दगडी मनोरा. दीपगृहाची खरी करामत ज्योतीपेक्षा भिंगात असते: गोलाकार रचलेले काचेचे लोलक चहूकडे पांगणारा उजेड गोळा करून आडव्या झोतात लोटतात. उंचीचं कारण सरळ गणिताचं आहे. पृथ्वी गोल; ५० मीटरवरून क्षितिज जेमतेम २५ किलोमीटरवर. शिवाय प्रत्येक दिव्याच्या उघडझापीची लय ठरलेली असते. ती मोजून खलाशी कुठला दिवा ते ओळखतो.

किनाऱ्यावरच्या थळ गावाहून होडीने गेलात तर नुसता मनोरा पाहून परतू नका. तटावर लोखंडी चाकांच्या गाड्यावर बसवलेली तोफ आहे. जुन्या किल्ल्यांवर तोफा मिळतात, गाडे क्वचितच. दगडाने ठोकला की भांड्यासारखा खणखणणारा एक खडकही आहे आणि तो वाजवल्याशिवाय कुणी पुढे सरकत नाही. बेटावर मान मात्र वेताळाचा, कोळ्यांच्या दैवताचा.

१९९८मध्ये बेटाला कान्होजींचं नाव दिलं गेलं. २०२५मध्ये युनेस्कोने बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यांत खांदेरीही आहे. थळचे होडीवाले अजून खांदेरीच म्हणतात, आणि पावसाळ्यात कितीही पैसे दिले तरी नेत नाहीत.