हाडाच्या जागी धातूची जाळी

महागावच्या शिवारातून ज्वारीचा एक वाळलेला धांडा आणावा आणि आडवा कापून विद्यार्थ्यांना दाखवावा. कडेला टणक साल, आत हलका गर. गरातले धागेही कडेला दाट आणि मध्याकडे विरळ होत गेलेले दिसतात. वाऱ्याने धांडा वाकतो तेव्हा सर्वांत जास्त ताण कडेला येतो. म्हणून माल तिथे जास्त, मध्ये कमी.

आपल्या मांडीच्या हाडातही अशीच काटकसर आहे. मधल्या भागात घट्ट हाडाची नळी, तर खुब्याकडच्या टोकात हाडाच्या बारीक काड्यांची जाळी असते. १८६७ साली झुरिकचे शरीररचनातज्ज्ञ हेर्मान फॉन मायर यांनी या जाळीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्या काड्या ताण आणि दाब यांच्या रेषांना धरून आहेत, हे अभियंते कार्ल कुलमान यांच्या लक्षात आले होते. १८९२ साली जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी नियम मांडला : भार पडेल तिथे हाड भरते, भार हटेल तिथे झिजते. अंतराळात वजन जाणवत नाही, म्हणून अंतराळवीरांच्या खुब्यातील हाडाची घनता दरमहा सुमारे एक ते दीड टक्का घटते.

आता कृत्रिम खुब्याचा विचार करू. त्यासाठी मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात. घट्ट हाडाचा यंगचा गुणांक साधारण १५ ते २० गिगापास्कल असतो. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सुमारे ११०. एका जुवाला एक तगडा आणि एक अशक्त बैल जुंपला, तर बहुतेक ओढ तगडाच घेतो. इथेही बराच भार धातू उचलतो, शेजारचे हाड रिकामे राहते आणि वोल्फच्या नियमाप्रमाणे झिजू लागते. काही वर्षांनी दांडा सैल होऊ शकतो. मग दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते आणि तेव्हा आधाराला हाडही कमी उरलेले असते.

यावरचा उपाय म्हणजे धातू सच्छिद्र करणे. जाळीत धातूचा अंश जितका, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात तिचा गुणांक असतो, असा एक ढोबळ नियम आहे. धातूचा अंश ०.४ ठेवला तर ०.४ × ०.४ = ०.१६, आणि ११० × ०.१६ = १७.६ गिगापास्कल. म्हणजे जवळपास हाडाइतकाच! छिद्रे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि एकमेकांना जोडलेली असली, तर त्यांत रक्तवाहिन्या व नवे हाड शिरते आणि सांधा पक्का होतो.

मग सगळा दांडाच असा का करू नये? कारण छिद्रांबरोबर ताकदही घटते. माणूस वर्षाला लाखो पावले टाकतो आणि पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने बारीक काड्यांना तडे जातात. म्हणून जास्त ताणाच्या जागी जाळी दाट किंवा धातू भरीव ठेवतात, आणि हाडाला भिडणाऱ्या बाजूला ती विरळ करत नेतात. हा बदल टप्प्याटप्प्याने हवा. एकदम केला तर सांध्याच्या रेषेवर ताण एकवटतो.

रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून हाडाची घनता कळते, संगणक ठिकठिकाणचा ताण काढतो आणि त्यानुसार काड्यांची जाडी ठरते. मग लेसर किंवा इलेक्ट्रॉन शलाकेने टायटॅनियमची पूड थरावर थर वितळवून वस्तू घडवतात. छिद्रांत अडकलेली पूड मात्र शेवटी झाडून काढावी लागते. त्यासाठीही छिद्रे बंदिस्त असून चालत नाहीत.

वैद्यकीय उपकरणांच्या रचनेसाठी मुंबईच्या आयआयटीत २०१४ साली ‘बेटिक’ हे केंद्र सुरू झाले. विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना हे क्षेत्र माहीत असावे.

वर्गासाठी एक प्रश्न : जाळीचा गुणांक २७.५ गिगापास्कल हवा असेल, तर धातूचा अंश किती ठेवावा? उत्तर ०.५ येते. निम्मा धातू काढला की ताठरपणा चौथाईवर येतो, हे विद्यार्थ्यांनी स्वतः आकडेमोड करून पाहावे.