मिरामारचे बुधवार

मिरामार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पणजीचा किनारा येतो. अमेरिकी नौदलातल्या जुन्या लढाऊ वैमानिकाला विचारलं, तर तो कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचं नाव घेईल आणि पाठोपाठ वारही सांगेल: बुधवार. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत मिरामारच्या हवाई तळावर बुधवारची संध्याकाळ ऑफिसर्स क्लबची असायची. दिवसभर एफ-१४ टॉमकॅट उडवलेले तरुण घामेजलेल्या फ्लाइंग सूटमध्येच थेट बारवर यायचे. शहरातल्या मुली गाड्या भरभरून तळाच्या फाटकाशी हजर व्हायच्या. आत टोपी घालून कुणी पाऊल टाकलं की घंटा वाजायची आणि त्या विसरभोळ्याने हजर असलेल्या सगळ्यांना एकेक पेला पाजायचा, हा अलिखित कायदा. मग तो लेफ्टनंट असो की अ‍ॅडमिरल.

हा क्लब, वैमानिकांच्या बोलीत ‘ओ-क्लब’, आज जवळजवळ संपला आहे. कसा संपला, हे सांगताना जुने लोक एका वाक्यात हात झटकतात: एक लफडं झालं, बायका आल्या, वकील आले, मजा गेली. मला हे पटत नाही. लफडं झालं हे खरं, पण क्लबला घरघर त्याच्या आधीच लागली होती. आणि जे लफडं झालं ते बाहेरून कुणी आणून टाकलं नव्हतं.

अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांना किनाऱ्यावरच्या बारचं एवढं अप्रूप का, याचं उत्तर १९१४ सालात आहे. त्या वर्षी नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स यांनी जहाजांवरची दारू बंद केली. ब्रिटिश नौदलात तसं नव्हतं. तिथे अधिकाऱ्यांच्या वॉर्डरूममध्ये बार होता, आणि खलाशांना रोजची रम तर थेट १९७० पर्यंत मिळत होती. आपल्या नौदलाने वॉर्डरूमची ही रीत ब्रिटिशांकडून घेतली. अमेरिकी विमानवाहू नौकेवर मात्र पाच-सहा हजार माणसं महिनोन्‌महिने कोरडी. १९८० पासून थोडी ढील मिळाली: सलग ४५ दिवस बंदराचं तोंड न पाहता समुद्रात काढले, तर माणशी बिअरचे दोन डबे. अशा माणसांना जमिनीवर उतरल्यावर कुठे जायचं, हे सांगावं लागत नसे.

व्हिएतनाम युद्धात ती जागा म्हणजे क्यूबी पॉइंट. फिलिपिन्समधल्या सुबिक बे तळाशेजारी अमेरिकी नौदलाने डोंगर फोडून धावपट्टी बांधली आणि १९५६ मध्ये हा हवाई तळ सुरू केला. टोंकिनच्या आखातातून बॉम्बफेकीच्या फेऱ्या करून थकलेल्या नौका आठवडाभराच्या विसाव्याला इथे येत. टेकडीवरच्या ऑफिसर्स क्लबात भिंतीभर फलक होते. प्रत्येक स्क्वाड्रन जाताना आपल्या नावाचा, चिन्हाचा, त्या मोहिमेवर असलेल्या वैमानिकांच्या यादीचा फलक लावून जायची. एकीने साधा लाकडी लावला, की दुसरी कोरीवकाम करून घ्यायची आणि तिसरी त्याहून मोठा आणायची. फिलिपिनो सुतारांचा यात चांगला धंदा झाला.

क्यूबीची खरी करामत खालच्या मजल्यावर होती. तिथे एक खोटं कॉकपिट रुळांवर बसवलेलं होतं. वैमानिकाने आत बसायचं, दाबाखालच्या वायूच्या जोरावर ते सुसाट सुटायचं, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्याने दांडा ओढून हूक टाकायचा. हूक तारेत अडकला तर शाबास. चुकला, तर कॉकपिट माणसासकट समोरच्या पाण्याच्या टाकीत. विमानवाहू नौकेवर उतरण्याचीच ही नक्कल. फरक एवढाच, की इथे चुकलं तर कपडे भिजायचे आणि समुद्रावर चुकलं तर माणूस जायचा. आदल्याच आठवड्यात काळ्या रात्री, हलत्या डेकवर हेच काम जिवावर उदार होऊन केलेला पोरगा इथे पेल्यावर पैज लावून तेच पुन्हा करत होता आणि भोवतालचे शंभर जण आरडत होते. ज्या गोष्टीची भीती वाटते तिचा खेळ करायचा, ही माणसाची जुनी युक्ती आहे. जिथे खोटं कॉकपिट नव्हतं, तिथे चार टेबलं एकापुढे एक मांडून त्यांवर बिअर ओतत, आणि पठ्ठे धावत येऊन पोटावर घसरत जात. पुढे दोघांनी दोरीसारखा धरलेला टॉवेल पायाने पकडायचा.

हा धिंगाणा झाला. त्याखाली दुसरं काहीतरी चालू असायचं. आपल्याकडे पारावर किंवा कट्ट्यावर जे चालतं, तेच. वैमानिक हातांनी बोलतात. उजवा पंजा आपलं विमान, डावा शत्रूचं, आणि मनगट वळवत ते कोण कुणाच्या मागे कसं गेलं हे दाखवतात. सकाळच्या अधिकृत बैठकीत ‘वेग थोडा कमी पडला’ असं मोघम सांगणारा कमांडर रात्री तिसऱ्या पेल्यानंतर कबूल करायचा, की मला दिशाच कळेना, वरखाली समजेना, मी घाबरलो होतो. शेजारी बसलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या कानावर हे पडायचं. कोट्यवधी डॉलरच्या शिक्षणात हा धडा कुठेच नव्हता. सोबती गेला, की त्याच्या खोलीतलं सामान आवरून झाल्यावर लोक याच बारवर येत. कुणी रडत नसे. गाणी मात्र जरा जास्त मोठ्याने म्हटली जात.

‘आम्ही बारवरच लढायला शिकलो,’ असं म्हणणारे जुने वैमानिक पुष्कळ भेटतात. या दाव्यासमोर एक अडचण आहे आणि तीही मिरामारमधलीच. व्हिएतनामच्या पहिल्या पर्वात नौदलाच्या वैमानिकांची हवाई लढतींतली कामगिरी त्यांच्याच वरिष्ठांना लाज वाटावी अशी होती. कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांनी १९६८ मध्ये त्याची कारणं शोधली. त्यांनी क्षेपणास्त्रांचे दोष दाखवले, देखभालीचे दाखवले आणि मुख्य म्हणजे हवेतल्या झुंजीचं शिक्षणच कुणी देत नाही, हे दाखवलं. त्यातून १९६९ च्या मार्चमध्ये मिरामारच्या आवारात ‘टॉपगन’ ही शाळा उभी राहिली. तिथे फळा होता, खडू होता आणि दीड-दोन तास प्रश्नांची सरबत्ती करणारे शिक्षक होते. पुढे विमानांच्या हालचाली नोंदवून पडद्यावर दाखवणारी यंत्रणा आली. तिने तर हातवाऱ्यांची सद्दीच संपवली, कारण पडद्यावर थाप मारता येत नाही. १९७२ मध्ये झुंजी पुन्हा पेटल्या तेव्हा नौदलाचं पारडं कित्येक पटींनी जड झालेलं होतं. बार दोन्ही वेळेला होताच. मधल्या काळात बदलला तो वर्ग.

हवाई दलाच्या दंतकथांचंही तसंच. १९४७ च्या ऑक्टोबरात चक येगर यांनी ध्वनीचा वेग ओलांडला. त्याच्या दोनच दिवस आधी रात्री, मुरॉकच्या वाळवंटातल्या पँचो बार्न्स बाईंच्या बारवरून निघून ते घोड्यावर बसले आणि पडून दोन बरगड्या मोडून घेतल्या. ही गोष्ट वर्षानुवर्षं मर्दुमकी म्हणून सांगितली गेली. कुणी कधी न गाठलेल्या वेगाने उडायचं विमान आणि दुखऱ्या बरगड्यांमुळे ज्याला त्याचं दार झाडूच्या दांड्याच्या तुकड्याने ओढून घ्यावं लागलं असा वैमानिक, यात मर्दुमकीपेक्षा नशीब जास्त होतं, असं म्हणायची मात्र कुणाची छाती झाली नाही.

उतार ऐंशीच्या दशकात सुरू झाला आणि त्याची कारणं अगदी घरगुती होती. दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध अमेरिकेत कायदे कडक झाले. पूर्वी तळाच्या फाटकावरचा शिपाई साहेबांना सलाम ठोकून घरी पोचवायचा. आता एका रात्रीच्या नोंदीने बढती कायमची अडकू लागली. बायका नोकऱ्या करू लागल्या, कुटुंबं तळाबाहेर शहरात राहायला गेली आणि संध्याकाळी मुलाला पाळणाघरातून आणायची पाळी कधीकधी वैमानिकाची असू लागली. उड्डाणाआधी बारा तास थेंबही नाही, हा नियम जुनाच होता. पण रात्रीची उड्डाणं वाढली तसं सगळ्यांना एकाच संध्याकाळी सुटी मिळेना. हे क्लब मुळात सरकारी पैशावर चालत नसत. सभासदांची वर्गणी, जेवणावळी आणि बारचा गल्ला यांवर त्यांचं पोट. गल्ला आटला तशी स्वयंपाकघरं बंद पडली, आणि मग अधिकारी व हाताखालचे सैनिक यांचे क्लब एकत्र करायची टूम निघाली.

१९९० च्या ऑगस्टात सौदी अरेबियात फौजा उतरल्या तेव्हा यजमानांचा मान राखून सैनिकांना दारू पूर्ण मना करण्यात आली. व्हिएतनामच्या वेळी विमानतळाला लागून बार असे. या आखाती लढाईत वैमानिक तंबूत बाटलीबंद पाणी पीत बसले, आणि लढाई जिंकूनही आले. पुढच्या वर्षी १५ जूनला पिनातुबो ज्वालामुखी फुटला. क्यूबी पॉइंटवर राखेचा थर बसला. सप्टेंबरात फिलिपिन्सच्या सिनेटने तळांचा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला, आणि १९९२ च्या नोव्हेंबरात अमेरिकी नौदल सुबिकहून कायमचं निघालं. निघण्याआधी क्लबच्या भिंतींवरचे फलक उतरवून फ्लॉरिडातल्या पेन्साकोलाला पाठवले गेले.

आणि त्याच सप्टेंबरात, १९९१ मध्ये, लास व्हेगासच्या हिल्टन हॉटेलात नौदल वैमानिकांच्या ‘टेलहूक’ संघटनेचं ३५ वं वार्षिक संमेलन भरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात दोन्ही बाजूंनी दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्यांनी तिथून जाणाऱ्या बायकांना धरलं, ओढलं, त्यांच्या अंगाला हात घातले. त्यांत त्यांच्याच नौदलातल्या अधिकारी होत्या. लेफ्टनंट पॉला कॉफलिन यांनी तक्रार केली आणि वरिष्ठांनी ती झटकल्यावर त्या उघडपणे बोलल्या. संरक्षण खात्याच्या चौकशीत अत्याचार झालेल्या ८३ स्त्रिया आणि ७ पुरुष निघाले. नौदलमंत्री लॉरेन्स गॅरेट यांना राजीनामा द्यावा लागला. लष्करी न्यायालयात मात्र एकालाही शिक्षा झाली नाही. एकमेकांना सांभाळून घेणं ही क्लबची शिकवण होती, आणि साक्षीच्या वेळी तीच कामाला आली.

याहून बोलकी घटना खुद्द मिरामारच्या क्लबात घडली. १९९२ च्या उन्हाळ्यात, टेलहूकवरून देशभर छी-थू चालू असताना, तिथे वैमानिकांचा वार्षिक नकलांचा कार्यक्रम झाला. सशस्त्र दलांच्या संसदीय समितीवरच्या पॅट श्रोडर बाई या प्रकरणाची तड लावा म्हणून मागे लागल्या होत्या. त्यांच्यावर अत्यंत गलिच्छ फलक मंचावर झळकला. बातमी बाहेर फुटली आणि काही कमांडरांना पदावरून दूर करण्यात आलं. घरात आग लागलेली असताना अंगणात फटाके लावावेत, तसा हा प्रकार. चार भिंतींतलं चार भिंतींत राहतं, हा क्लबचा पाया होता. तो खचल्याचं त्या रात्रीपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

पुढचं सगळं भराभर झालं. टॉपगन १९९६ मध्ये नेवाडातल्या फॅलनला गेली आणि १९९७ मध्ये मिरामार तळ मरीन दलाकडे सोपवला गेला. लढाऊ विमानांत स्त्रिया आल्या. हवाई दलात स्क्वाड्रनच्या इमारतीतच एखाद्या खोलीत छोटा बार ठेवायची पद्धत उरली. तिथेही २०१२ च्या डिसेंबरात दलप्रमुख जनरल मार्क वेल्श यांच्या हुकमाने झडती झाली, आणि जुनी गाण्यांची पुस्तकं, चित्रं, बिल्ले धरून ३२ हजारांहून अधिक आक्षेपार्ह वस्तू काढून टाकण्यात आल्या. खिशात कॅमेऱ्याचा फोन आल्यावर असं काही ठेवायची हिंमत तशीही कुणी केली नसती.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. मुंबई इलाख्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला तेव्हा लष्करी मेस आणि कॅन्टीन त्यातून वगळली होती. हा भेदभाव आहे, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात न्यायालयाने ही सूट ग्राह्य धरली, कारण सैन्याची राहणी आणि परंपरा वेगळ्या, दीर्घ अनुभवातून घडलेल्या नियमांनी बांधलेल्या आहेत. म्हणजे सगळी मुंबई परमिटसाठी रांगेत उभी असताना मेसमधला पेला मात्र कायदेशीर होता. साताऱ्याकडच्या गावांत सुटीवर आलेल्या फौजीच्या कॅन्टीनच्या बाटलीला आजही जो मान आहे, त्याची मुळं या वेगळेपणात आहेत. पण आपली मेस हा जेवणाखाणाचा, वागण्या-बोलण्याच्या रीतीचा भाग राहिली. अविवाहित अधिकारी तिथे राहतो आणि औपचारिक मेजवानीच्या रात्री राष्ट्रपतींच्या नावाने पेला उंचावतो. ती बारच्या गल्ल्यावर जगत नव्हती, म्हणून गल्ल्याबरोबर बुडालीही नाही.

अमेरिकेत क्लब गेला याचं मला दुःख नाही. त्याने स्वतःच्या घरातली घाण वेळेवर काढली नाही. पण ‘मी घाबरलो होतो’ हे वाक्य आता कुठे बोलायचं, याची सोय कुणी केली नाही. पडद्यावरच्या विश्लेषणात विमान कुठे चुकलं ते दिसतं, माणूस कुठे डगमगला ते नाही. आणि डॉक्टरांना सांगावं, तर उड्डाणाची परवानगीच हातची जाईल या धास्तीने वैमानिक तोंड उघडत नाहीत. पूर्वी स्क्वाड्रनचा डॉक्टरही त्याच बारवर कोपर टेकून उभा असायचा.

१९८६ च्या ‘टॉप गन’ चित्रपटातले वैमानिक ऑफिसर्स क्लबात गातात. २०२२ च्या दुसऱ्या भागात ते समुद्रकाठच्या एका बाईच्या खासगी बारमध्ये जातात. तो बारही खरा नव्हता. चित्रीकरणासाठी नॉर्थ आयलंडच्या तळावर, वाळूत उभारलेला तो सेट होता. क्यूबीचे फलक पेन्साकोलाच्या नौदल विमान संग्रहालयात आहेत. तिथल्या उपाहारगृहाला त्यांनी ‘क्यूबी बार’चंच नाव दिलं आहे, आणि दुपारी शाळकरी मुलं त्या फलकांखाली बसून सँडविच खातात.