शेअरबाजारातील गर्दी काय सांगते?

कांद्याला भाव आला, की पुढच्या हंगामात जो तो कांदाच लावतो आणि भाव कोसळतो. शेअरबाजाराचेही तसेच. म्हणून जाणकार तेथील किरकोळ गुंतवणूकदारांच्या खरेदीवर नजर ठेवतात. नवी खाती भराभर उघडू लागली, की उत्साह शिगेला पोहोचला असे ते समजतात. सगळ्यांनीच घेऊन टाकल्यावर पुढे घेणारा उरतो कोण? जानेवारी २००८ मध्ये नवख्यांची अशीच झुंबड होती. सेन्सेक्स २१,००० वर गेला आणि ऑक्टोबरात ९,००० च्या खाली आला. मात्र २०२० च्या पडझडीत शिरलेल्या अनेक नवख्यांना पुढे नफाही झाला. गर्दीवरून बाजाराची हवा कळते, उद्याचा भाव कळत नाही. तेव्हा बी-बियाण्याचा आणि मुलांच्या शिक्षणाचा पैसा त्यात घालू नका.